शब्द कोठे मोडावा?

गेली दोन वर्षे दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी नागपूरच्या एस. टी.त बसतो आणि रात्री उशिरा भंडाऱ्यास परत येतो, ही गोष्ट आता गावात बहुतेकांस ठाऊक झाली आहे. आरंभी लोकांस वाटले की, मास्तरांचे कोर्टकचेरीचे काही काम निघाले असावे, किंवा घरात कोणाचे तरी मोठे दुखणे असावे. खरे कारण कळले तेव्हा 'ह्यापेक्षा दुखणे परवडले' असाच भाव कित्येकांच्या चेहऱ्यावर उमटला. चव्वेचाळीस वर्षांचा, चष्मा लागलेला, मराठी व इंग्रजी शिकविणारा एक शिक्षक साठ किलोमीटरांचा प्रवास करून फ्रेंच भाषेचे पहिले पुस्तक गिरवितो, हे कोणास खरेच वाटेना. आमचे किराणा दुकानदार साखर तोलता तोलता म्हणाले, "काय सर, फ्रान्सला निघालात वाटते?" मी म्हणालो, "नाही हो, सध्या मौद्यापर्यंत पोहोचलो तरी पुष्कळ."

वार्षिकाच्या संपादकांनी यंदा 'मुलांच्या व पालकांच्या उपयोगी पडेल असे काही' माझ्याकडे मागितले, तेव्हा ह्या फ्रेंचच्या उद्योगातून मला काय मिळाले तेच लिहावे असे मी ठरविले. फार मिळाले असे नाही. वर्तमानपत्राचे एक पान वाचावयाचे तर अजून कोश मांडीवर घ्यावा लागतो. परंतु शब्द उच्चारताना तो कोठे मोडावा आणि जोर कोठे द्यावा, एवढी एक गोष्ट मी तेथे शिकलो. आणि ती शिकत असताना माझ्या हातून आमच्याच वर्गात घडलेली एक चूक माझ्या ध्यानात आली. ती चूक ज्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडली त्याला विचारूनच हे लिहीत आहे. नाव मात्र देत नाही.

मी फ्रेंचकडे वळलो तो मराठीमुळेच. नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयात शिकत असताना 'मराठी भाषेचा विकास' नावाचे एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती आले होते. मूळ ग्रंथ ज्यूल ब्लोक ह्या फ्रेंच पंडिताचा. तो १९२० साली पॅरिसात प्रसिद्ध झाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनी त्याचा मराठी अनुवाद १९४१ साली केला. आपण रोज बोलतो त्या भाषेचे स्वर कसे झिजले, कोणते व्यंजन कोठून आले, ह्याचा इतका बारकाईने शोध दूरदेशीच्या एका माणसाने घेतला, ह्याचे मला तेव्हा नवल वाटले होते. मूळ ग्रंथ त्याच्याच भाषेत वाचावा ही इच्छा तेव्हापासूनची. नोकरी, संसार, परीक्षांच्या उत्तरपत्रिका ह्यांत ती वीस वर्षे तशीच पडून राहिली. ग्रंथाचे मूळ नाव मात्र मी पाठ करून ठेवले होते आणि चारचौघांत मोठ्या डौलाने उच्चारीतही असे. पुढे कळले की, त्यातला एकही शब्द मी धड उच्चारीत नव्हतो. आपल्या भाषेला आपण म-रा-ठी असे तीन तुकड्यांत म्हणतो. फ्रेंचांच्या तोंडी तिचे नाव 'मारात' असे दोन तुकड्यांचे, आणि जोर शेवटच्या 'रात'वर. त्यांच्या लेखनात शेवटी आणखी एक स्वर असतो, पण तो बोलताना गळून जातो. मी तो इमानेइतबारे 'मराठे' असा म्हणत असे!

आमच्या शिक्षिका नागपुरातल्या सदर भागात राहतात. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. आम्ही सर्व त्यांना 'बाई' म्हणतो. वर्गात माझ्याखेरीज सात-आठ कॉलेजातील मुले-मुली आहेत. त्या भागातच सेंट फ्रान्सिस डी सेल्स ह्यांच्या नावाची जुनी शाळा आहे. नागपूरकर तिला सुटसुटीतपणे 'एस. एफ. एस.' म्हणतात. पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारले, "तुम्ही त्या शाळेचे पूर्ण नाव कसे म्हणता?" मी 'डी सेल्स' म्हणालो. बाई हसल्या. हा संत सव्हॉय प्रांतातला, फ्रेंच बोलणारा. १६२२ साली वारला. त्याच्या घराण्याचे नाव फ्रेंचमध्ये 'द साल' असे होते. शेवटचा 'स' लिहावयाचा, म्हणावयाचा नाही. आणि त्याच्या नावाच्या संस्थेचे जे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणास उतरले व ज्यांचे काम पुढे नागपुरापर्यंत पसरले, ते ज्या गावाहून निघाले ते गाव लिहिताना आन-ने-सी असे तीन तुकड्यांचे दिसते, म्हणताना मात्र आन्-सी एवढेच उरते. मधला स्वर डोळ्यांस दिसतो, कानांस नाही.

हे सर्व मला गंमतीचे वाटले. पण गंमत दुसऱ्याच्या चुकीची असते तोवरच.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी वारांची नावे आली. मला शनिवार हा शब्द वाचावयाचा होता. त्याची अक्षरे 'एस, ए, एम, ई, डी, आय' अशी आहेत. मी बाराखडीत वाढलेला माणूस. व्यंजनापुढे स्वर दिसला की तो म्हणायचा, हा माझा धर्म. मी खणखणीत आवाजात 'सा-मे-दी' असे वाचले, आणि जोर पहिल्या 'सा'वर दिला. मागच्या बाकावरची मुले हसली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. शिक्षकाच्या वयाचा माणूस चुकला की मुलांस हसू येतेच. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मेजावर बोटाने दोनच टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "साम्-दी. तुकडे दोन, आणि ठोका दुसऱ्यावर."

मी जरा चिडूनच विचारले, "पण बाई, मधला स्वर तर लिहिलेला आहे. मग तो गेला कोठे?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मी चपापलो. हाच प्रश्न, जवळजवळ ह्याच शब्दांत, मी पूर्वी एकदा ऐकला होता, आणि तो ऐकताना मी बाईंच्या जागी होतो.

त्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे वडील तुमसर तालुक्यातल्या मँगनीजच्या खाणीवर कामास. घरची भाषा ओडिया. पाचवीपर्यंतचे शिक्षण आजोळी, ओडिशात झालेले. पुढे दोन वर्षे खाणीजवळच्या शाळेत कशीबशी मराठी गिरवून तो आमच्या वसतिगृहात राहावयास आला. गणितात चांगला, अक्षर मोत्यासारखे, पण मराठी वाचू लागला की वर्गात खसखस पिके. 'कमळ' हा शब्द आपण क-मळ असा दोन तुकड्यांत म्हणतो; तो क-म-ळ असे तीन तुकडे करी, आणि शेवटच्या 'ळ'चा 'अ' पुरा उच्चारी; तोही 'अ' थोडासा 'ऑ'कडे झुकलेला. 'घर' म्हणताना त्याच्या घराला एक ओसरी जास्त निघे. मुलांनी त्याचे नावच 'कमळऑ' ठेवले.

एके दिवशी मी त्याला सर्वांदेखत म्हणालो, "अरे, शब्द असा मोडू नकोस. शेवटचे अक्षर ओढायचे नसते." तो उभाच राहिला. पुस्तकात पाहिले, पुन्हा पाहिले आणि अगदी सरळपणे म्हणाला, "सर, 'ळ'चा पाय मोडलेला नाही. मग त्याचा 'अ' कुठे गेला?"

वर्ग हसला. आणि हे लिहिताना लाज वाटते, पण मीही हसलो. "कान उघडे ठेव, म्हणजे कळेल," असे उत्तर देऊन मी पुढच्या मुलाला वाचावयास सांगितले. खरे कारण हे की, मला उत्तर ठाऊक नव्हते. पंधरा वर्षे मराठी शिकवीत होतो, पण लिहिलेला 'अ' कोठे जातो आणि कोठे राहतो, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला तो प्रश्न पडला नाही, कारण मला उत्तर आईच्या मांडीवरच मिळाले होते. ज्याला ते तेथे मिळाले नाही तो विचारणारच.

त्या दिवसानंतर तो मुलगा वर्गात मोठ्याने वाचीनासा झाला. नाव पुकारले की घसा बसला आहे असे सांगे. तोंडी परीक्षेत त्याने चार ओळी पुटपुटल्या आणि मी त्याला वाचनाचे वीसपैकी सहा गुण दिले. वसतिगृहाच्या प्रार्थनेत तो गात असे, खेळाच्या मैदानावर ओरडत असे, तेव्हा घशास काही झालेले नाही हे मला कळत होते. तरीही मी ते तसेच चालू दिले.

बाईंनी मात्र माझा प्रश्न टाळला नाही. त्यांनी फळ्यावर शनिवारशेजारी शुक्रवार लिहिला. त्याचा उच्चार साधारणपणे 'वाँ-द्र-दी' असा होतो. येथेही मध्ये तोच स्वर आहे, पण येथे तो गळत नाही. 'द्र'नंतर हलकासा 'अ' ऐकू येतो. का? शनिवारात तो स्वर काढला तर 'म' आणि 'द' अशी दोनच व्यंजने शेजारी येतात; पहिले मागच्या तुकड्यात जाते, दुसरे पुढच्या, आणि जीभ सुखाने चालते. शुक्रवारात तो काढला तर 'द', 'र', 'द' अशी तीन व्यंजने एकमेकांवर आदळतात. म्हणून तेथे तो स्वर मध्ये उभा राहतो. फ्रेंच व्याकरणकारांनी ह्याला तीन व्यंजनांचा नियम असेच नाव दिले आहे. बोलताना ह्या नियमाला अपवाद निघतात, पण बहुतेक काम त्याने भागते.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात तेच चालले होते. मौद्याच्या थांब्यावर गाडी उभी असताना मी सहज मराठीचे शब्द बोटांवर मोजू लागलो. 'समज': स-मज, दोन तुकडे. 'समजा': सम-जा, येथे 'म'चा 'अ' गेला. 'समजले': स-मज-ले, येथे 'म'चा 'अ' परत आला आणि 'ज'चा गेला. 'समजावले': सम-जाव-ले. एकाच शब्दाच्या चार रूपांत तो 'अ' लपंडाव खेळत होता, आणि त्याच्या खेळाला नियम होता! 'समजले' ह्यात 'ज'चा 'अ' गेल्यावर 'म'चाही गेला असता, तर 'म', 'ज', 'ल' ही तीन व्यंजने एकत्र आली असती. म्हणून 'म'ने आपला 'अ' धरून ठेवला. शनिवार-शुक्रवाराचीच गोष्ट! शेजारच्या आसनावरच्या शेतकऱ्याने माझ्या हलणाऱ्या ओठांकडे आणि बोटांकडे पाहून विचारले, "जप करता काय, गुरुजी?" मी होय म्हणालो.

मराठीचा हा नियम असा मांडता येईल: शब्दाच्या शेवटचा 'अ' बहुधा जातो, आणि मधल्या 'अ'च्या मागे एक स्वरयुक्त अक्षर व पुढे एक स्वरयुक्त अक्षर असेल, तर शब्दाच्या शेवटाकडून मोजत येताना तो गळतो. आपल्याच जिल्ह्याच्या तालुक्यांची नावे घ्या. भंडारा, मोहाडी, साकोली ह्यांत मधला 'अ'च नाही, म्हणून लिहिली तशीच तीन तुकड्यांत म्हणावयाची. पवनी व लाखनी लिहिताना तीन अक्षरी, पण म्हणताना पव-नी आणि लाख-नी. तुमसर चार अक्षरी, पण म्हणताना तुम-सर. लाखांदूर म्हणताना ला-खां-दूर. आपण हे बिनचूक करतो, आणि करतो हे आपल्यास ठाऊक नसते. आपल्या भाषेत 'अक्षर' हा एकच शब्द लिहिण्याच्या खुणेलाही वापरतात आणि उच्चाराच्या तुकड्यालाही. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे असे मला वाटते.

जोडाक्षरांनी मला फ्रेंचमध्ये आणखी एकदा तोंडघशी पाडले. फ्रेंचमध्ये चार ह्या अंकाला 'कात्र' अशासारखा शब्द आहे. मी तो आपल्या 'पत्र'सारखा, 'कात्-त्र' असा दुप्पट 'त' करून म्हणत असे. कारण मराठीत आणि संस्कृतात जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो. 'पत्र'मधला 'प' म्हणूनच छंदात गुरू होतो. फ्रेंचांची रीत उलट. व्यंजनापाठोपाठ 'र' किंवा 'ल' आला तर ती जोडी फोडावयाची नाही, अखंड पुढच्या तुकड्यात ढकलावयाची. मागचा तुकडा उघडा, स्वरावर संपलेला ठेवावयाचा. त्यांच्या तुकड्यांस दार लावलेले आवडत नाही. इतके की, एका शब्दाचे शेवटचे व्यंजनही पुढचा शब्द स्वराने आरंभ होत असला तर तिकडे जाऊन बसते. 'माझा मित्र' ह्या अर्थाचे त्यांचे दोन शब्द 'माँ-ना-मी' असे एकजीव होतात. आपल्यास ह्याचे नवल वाटावयाचे कारण नाही. 'जगत्' आणि 'ईश' ह्यांचा 'जगदीश' करताना आपण तेच करतो, आणि तो 'द' 'ई'च्या मांडीवर बसतो. तरी, मराठीत सर्वच जोडाक्षरे आघात करतात असे मात्र नाही. 'दुसऱ्या' म्हणताना 'स'वर काही आदळत नाही, तो लघूच राहतो. माधवराव पटवर्धनांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ ज्यांच्या घरी असेल त्यांनी ही प्रकरणे अवश्य पाहावी; मुलांस वृत्ते शिकविताना ती फार उपयोगी पडतात.

आता जोराविषयी, म्हणजे आघाताविषयी, थोडके सांगतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा जोर ठरलेला असतो आणि तो हलला तर कधी कधी अर्थही हलतो. 'रेकॉर्ड' ह्या शब्दात जोर पहिल्या तुकड्यावर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. फ्रेंचमध्ये ही कटकट नाही. जोर शेवटच्या तुकड्यावर. पण एक मेख आहे: तो शब्दाच्या शेवटी नसून बोलण्याच्या एका दमाच्या शेवटी असतो. 'माँ-ना-मी' एवढेच म्हटले तर ठोका 'मी'वर. त्यापुढे मित्राचे नाव 'प्येर' जोडले की 'मी'वरचा ठोका नाहीसा होऊन 'प्येर'वर जातो. जणू शाळेच्या रांगेत घंटा एकच आहे आणि ती नेहमी शेवटच्या मुलाच्या हातात असावयाची. नवा मुलगा आला की ती त्याच्याकडे. मराठीत आघात कोठे पडतो ह्यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे; टर्नर ह्या इंग्रज पंडिताने १९१६ साली ह्याच विषयावर एक मोठा निबंध लिहिला. माझ्यासारख्या शिक्षकास इतकेच जाणवते की, मराठीत जोर हलविल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असेल तर आपण आवाज चढविण्यापेक्षा 'च' जोडतो: 'मीच गेलो', 'आजच गेलो'. फ्रेंचांनाही घंटा मधल्या मुलाच्या हाती देता येत नाही, म्हणून तेही 'गेला तो मी' अशा धर्तीची वेगळी वाक्यरचना करतात. आमची मुले इंग्रजी सपाट वाचतात अशी तक्रार पालक करतात. ती खरी आहे. पण मुले मंद आहेत म्हणून ती तसे वाचीत नाहीत. त्यांच्या मातृभाषेत त्या कामासाठी 'च' आहे, एवढेच.

हे सर्व मी पाच-सहा शनिवारांत शिकलो. पण ज्या गोष्टीने माझी झोप उडविली ती पुढेच होती. एके दिवशी बाईंनी कविता शिकविण्यास आरंभ केला आणि म्हणाल्या, "येथे साम्-दी चालायचे नाही. कवितेत तो गळणारा स्वर परत येतो." जुन्या फ्रेंच काव्यात बारा तुकड्यांच्या ओळीला मोठा मान आहे. ती मोजताना पुढे व्यंजन असेल तर बोलण्यात गळणारा तो स्वरही मोजावयाचा आणि म्हणावयाचा. फक्त ओळीच्या अगदी शेवटी असला तर सोडून द्यावयाचा. गाण्यात तर तो शेवटीही ऐकू येतो. 'फ्रेर झाक' हे फ्रेंच बालगीत पुष्कळ मुलांस ठाऊक असेल; बोलताना ते दोन तुकड्यांचे नाव, पण गाताना 'फ्रे-र झा-क' असे चार तुकडे पूर्ण भरतात.

मी मनात म्हटले, अरे, आपल्याकडे दुसरे काय आहे? बोलताना आपण 'कमळ'चा शेवटचा 'अ' टाकतो. पण अक्षरगणवृत्तात तो टाकला तर वृत्त लंगडे होते. 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याच्याही ओळीत अक्षरे बाराच, आणि प्रत्येक 'अ' पुरता मोजलेला. म्हणजे तो मुलगा जसा वाचीत होता, तसेच आपण सगळे गाताना म्हणतो. त्याच्या ओडियात 'जगन्नाथ' म्हणताना शेवटचा 'थ' भरलेला असतो, तुकडे चार. आपण 'जगन्-नाथ' म्हणून तीनांवर थांबतो. संस्कृताचीही रीत त्याच्यासारखीच. मी ज्याला दोष म्हणून सहा गुण दिले होते, ती एका मोठ्या भाषेची रोजची सवय होती. आणि आमच्याच कवितेचीही.

सोमवारी मी वर्गात गेलो. ती मुले आता नववीत होती. मी फळ्यावर 'कमळ' लिहिले आणि म्हणालो, "गेल्या वर्षी ह्या वर्गात मला एक प्रश्न विचारला गेला होता. मला उत्तर येत नव्हते, म्हणून मी हसलो. आज थोडेसे उत्तर घेऊन आलो आहे." मग आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवून तालुक्यांची नावे मोडली. पवनीला दोन टाळ्या पडल्या तेव्हा मुले स्वतःच थबकली, "सर, अक्षरे तर तीन आहेत!" असे एकदम चार-पाच जण ओरडले. 'व'चा 'अ' कोठे गेला, हे आता त्यांना कोणी सांगण्याची गरज उरली नव्हती. ज्याच्यासाठी हे चालले होते तो मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याने टाळ्या वाजविल्या नाहीत.

मग मी पाठ्यपुस्तकातील भुजंगप्रयातातला एक श्लोक घेतला आणि एकेकास उभे करून म्हणावयास सांगितले. बाकीच्यांनी बोटांवर अक्षरे मोजावयाची. पहिल्या मुलाची पहिली ओळ दहांवर संपली. दुसऱ्या मुलीची अकरांवर. आमच्या वर्गातला वक्तृत्वाचा बक्षीसपात्र विद्यार्थी घाईत नवांवर आला आणि सर्व जण हसले, तोही हसला. मी त्या मुलाकडे पाहिले. नाव पुकारले नाही, फक्त पाहिले. बराच वेळ तो हलला नाही. मग उभा राहिला आणि त्याने चारही ओळी म्हटल्या. 'अ' थोडे 'ऑ'कडे झुकलेलेच होते. पण प्रत्येक ओळ बारा. एक कमी नाही, एक अधिक नाही. मोजणारी बोटे ज्या ठिकाणी पोहोचावयाची त्याच ठिकाणी पोहोचली, आणि वर्ग अगदी शांत झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "पुन्हा म्हण." त्याने पुन्हा म्हटला.

वार्षिक परीक्षेच्या गुणपत्रिकेवरचे ते सहा गुण मला बदलता आले नाहीत. ते शाळेच्या दप्तरात तसेच आहेत. ह्या वर्षी तो दहावीत आहे. गद्य वाचताना अजूनही कधी कधी त्याच्या घराला ओसरी निघते, आणि मुले त्याला अजूनही 'कमळऑ' म्हणतात. पण आता तो त्या नावाला ओ देतो, आणि मधल्या सुटीत धाकट्या मुलांस वृत्ते मोजून देतो.

परवा वर्ग सुटल्यावर तो माझ्या मेजाजवळ आला. हातात मराठीची वही होती. म्हणाला, "सर, शेवटचा 'अ' जातो म्हणता, तर मग 'शब्द' ह्या शब्दाचा जातो का? मला तर थोडासा ऐकू येतो. 'मित्र'चाही."

मी 'शब्द' असे दोनदा-तीनदा म्हणून पाहिले. त्यानेही म्हटले. मग मी त्याला खुर्ची ओढून बसावयास सांगितले, आणि आम्ही दोघे पुन्हा म्हणून पाहू लागलो.